पान उलटणारीच्या सूचना

झेनोन, तिकीट फुकटचं आहे म्हणून मागे बसू नकोस.
डावीकडे बस, तिसऱ्या रांगेत,
तिथून तेओदोझ्याबाईंची बोटं दिसतात.
मीही दिसेन. माझ्याकडे बघायचं नाही.

कोट काढ. टोरुनचा फेब्रुवारी दाराबाहेर झटक.
खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घे.
घड्याळ खिशात ठेव;
यातल्या एका वॉल्ट्झला लोक वेळ लावून बसतात,
अंडं उकडायला ठेवल्यासारखे.

हे नाच आहेत, पण नाचायचे नाहीत.
ज्यानं लिहिले तो माणूस
भिंतीला टेकून दुसऱ्यांचं नाचणं बघणाऱ्यांतला असावा,
असं माझं मत.
पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त त्याचा डावा हात आहे.

डावा हात म्हणजे
आई तळघरातून कोळसा आणायची ना, तसा:
एक जड पाऊल खाली,
दोन हलकी वर.
एक खाली, दोन वर, रात्रभर.
घर ऊबदार आहे हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही,
कारण वर दिवाणखान्यात
उजवा हात पाहुण्यांशी बोलत असायचा.

लोक उजव्या हातावर भाळतात.
तूही भाळ, पहिले दोन वॉल्ट्झ.
रेशीम, मेणबत्त्या, कुणाचं तरी उगाच मोठ्यानं हसणं,
सगळं आहे तिथे, हवं तेवढं घे.
तिसऱ्यात मात्र गाणंच तळघरात उतरतं
आणि उजवा हात
जिन्यात नुसता दिवा धरून उभा राहतो.

मध्येच बाई अडखळल्यासारख्या वाटतील.
तो बिघाड नव्हे.
एकोणतीस वर्षं ट्राम चालवलीस, तुला कळायला हवं:
आरशात कुणीतरी धावत येताना दिसतं,
आणि दार लावायला तू अर्धा श्वास उशीर करतोस.
वेळापत्रकात तो अर्धा श्वास नसतो.
पुढच्या थांब्यापर्यंत तू तो गुपचूप भरून काढतोस.
तेवढंच. बाकी जे काही सांगतात ते
मध्यंतरात सिगारेट ओढणारे लोक सांगतात.

शेवटचे काही वॉल्ट्झ त्यानं छापलेच नव्हते.
माझ्यामागे जाळा म्हणाला होता. कुणी जाळले नाहीत.
ऐकताना दुसऱ्याचं पत्र उघडल्यासारखं वाटेल.
वाटू दे.

आता एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नाही.
गेल्या वर्षी, सी शार्प मायनरच्या वॉल्ट्झमध्ये,
माझ्या बोटाला दोन पानं एकदम आली.
हॉलमध्ये तीनशे माणसं, आणि मला माझं रक्त ऐकू येत होतं.
बाईंनी मान वळवली नाही.
समोर नव्हतं ते पान त्या वाजवत गेल्या,
आणि एका जागी चार आवर्तनं जास्त फिरल्या,
गल्ली चुकलेलं माणूस
ओळखीच्या दारावरून पुन्हा एकदा जातं तशा.
मग पुढच्या पानावर मला येऊन भेटल्या.
टाळ्या पडल्या. विंगेत मी तोंड उघडलं,
तर म्हणाल्या, "नखं वाढव जरा."

तेव्हापासून त्या प्रत्येक वेळी त्या दारावरून दोनदा जातात.
पुस्तकात ते नाही.
पुस्तकात माझं पेन्सिलीचं छोटं वर्तुळ आहे, समासात:
इथे उठू नकोस. अजून.

तर मी अर्धवट उठलेली,
हात पानाच्या कोपऱ्यावर आणि थिजलेली दिसले,
की समज, आपण तिथे आहोत.
त्या चार आवर्तनांत श्वाससुद्धा हळू घे.

नंतर डावीकडच्या दारानं आत ये.
बिटाचं सूप असतं कलाकारांना,
माझ्या वाटचं मी ठेवते. वाटी मात्र एकच मिळेल.